खंड म्हणजे दुधावरची साय नव्हे : पृथ्वीवरची पहिली जमीन कशी तयार झाली?



सहावीच्या भूगोलात खडकांचे प्रकार येतात आणि आठवीत पृथ्वीचे अंतरंग. हे पाठ शिकवताना एक उदाहरण हमखास दिलं जातं. तापलेलं दूध निवताना त्यावर साय धरते, तशी तप्त पृथ्वी निवताना तिच्यावर कवच धरलं आणि त्या कवचावर आपण राहतो. उदाहरण घरातलं आहे, मुलांना पटकन कळतं, म्हणून ते टिकून राहिलं आहे.

पण वर्गात एखादं चौकस पोर विचारतंच, "बाई, साय तर सगळीकडे सारखीच धरते. मग एकीकडे समुद्राचा खड्डा आणि एकीकडे जमीन, असं कसं झालं?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. सायीच्या उदाहरणातून त्याचं उत्तर मिळत नाही. ते मिळवायचं तर आधी हे कळायला हवं की आपण ज्या जमिनीवर उभे आहोत ती पृथ्वीवर धरलेली पहिली साय नाहीच. ती साय केव्हाच बुडाली. खंडांचं कवच हे जुनं कवच पुन्हा पुन्हा वितळून, त्यातला हलका अंश वेगळा होऊन, फार हळूहळू साठत गेलेलं आहे. आणि या कामाला पाणी लागलं. आजच्या लेखात एवढी एकच गोष्ट नीट समजून घेऊ, म्हणजे मुलांना सांगताना आपल्याला अडखळायला होणार नाही.

एक सूचना आधीच देते. इंग्रजी पुस्तकांत आकडे 'बिलियन'मध्ये असतात. एक बिलियन म्हणजे १०० कोटी. मी सगळीकडे कोटीच वापरते, मुलांना तेच कळतं.

कवच एक नाही, दोन

समुद्राखालचं कवच पातळ असतं, साधारण ७ किलोमीटर. ते बेसॉल्टचं, म्हणजे काळ्या जड खडकाचं असतं. एक घन सेंटिमीटर तुकड्याचं वजन ३ ग्रॅमच्या आसपास भरतं. खंडांचं कवच सरासरी ३५ ते ४० किलोमीटर जाड आहे, तिबेटखाली तर ते ७० किलोमीटरपर्यंत जातं. त्याचा खडक एकंदरीत ग्रॅनाइटच्या जातीकडे झुकणारा, फिका आणि हलका, घन सेंटिमीटरला २.७ ते २.८ ग्रॅम. दोन्ही कवचांच्या खाली प्रावरण आहे, ते ३.३ ग्रॅमचं.

इथे मुलांचा एक गैरसमज वेळीच काढायला हवा. प्रावरण म्हणजे लाव्हाचा समुद्र नव्हे. ते घन खडकाचंच आहे. फक्त ते इतकं तापलेलं आहे की लाखो वर्षांच्या हिशेबात ते मेणासारखं सावकाश सरकतं. या मेणावर दोन्ही कवचं तरंगतात असं समजा. पाण्याच्या बादलीत एक पातळ, जड फळी टाकली आणि एक जाड, हलका ओंडका टाकला, तर काय होईल? ओंडका वर डोकं काढून राहील आणि फळी जेमतेम पाण्याच्या पातळीला. जमिनीची सरासरी उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८४० मीटर आहे आणि समुद्राची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर. त्या पोराच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळालं. खड्डा कुणी खणलेला नाही. तिथलं कवच पातळ आणि जड आहे, म्हणून ते खाली बसलं आहे.

दुसरा फरक वयाचा. आजच्या महासागरांचा तळ जवळजवळ कुठेच २० कोटी वर्षांपेक्षा जुना सापडत नाही. खंडांवर मात्र ४०० कोटी वर्षांचा खडक सापडतो. कारण तेच, वजन. समुद्राचं कवच जुनं होतं, थंड होतं, आणखी जड होतं आणि शेवटी प्रावरणात परत बुडतं. खंडांचं कवच हलकं असल्यामुळे सहजी बुडत नाही. जे बुडत नाही तेच जुनं होऊ शकतं.

मग उरलेलं अर्धं उत्तर असं शोधायचं, की हा हलका माल मुळात आला कुठून?

खरी साय बघायची असेल तर चंद्राकडे बघा

पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. जन्मानंतर थोड्याच काळात मंगळाएवढा एक गोळा तिच्यावर आदळला आणि उडालेल्या मालातून चंद्र बनला, असं आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. त्या धडकेनंतर पृथ्वी आणि चंद्र दोघांच्याही पृष्ठभागावर वितळलेल्या खडकाचे समुद्र होते.

चंद्र लहान, त्यामुळे तो लवकर निवला. निवताना त्यात फेल्डस्पार नावाच्या खनिजाचे हलके पांढरे स्फटिक तयार झाले आणि तरंगून वर आले. अगदी सायीसारखे. १९६९ साली अपोलो ११ ने आणलेल्या चंद्राच्या मातीत पांढऱ्या खडकाचे बारीक तुकडे मिळाले. त्यांच्यावरूनच हे अनुमान काढलं गेलं. पौर्णिमेच्या रात्री चंद्राचा जो भाग पांढरा चमकतो ती ही साय. आणि आपण ज्याला ससा किंवा हरीण म्हणतो तो काळा डाग म्हणजे नंतर खालून येऊन पसरलेला बेसॉल्ट. म्हणजे सायीचं उदाहरण फुकट गेलं नाही, फक्त ते चंद्राला द्यायचं.

पृथ्वीवर असं झालं नाही. इथलं पहिलं कवच काळं आणि जड होतं, बेसॉल्टच्या जातीचं. खाली प्रावरण आजच्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेलं होतं, वरून उल्का आदळत होत्या. ते कवच फुटायचं, बुडायचं, वितळायचं, पुन्हा धरायचं. त्याचा धड तुकडा आज शिल्लक नाही. त्या काळच्या उष्णतेचा अंदाज एका खडकावरून येतो. दक्षिण आफ्रिकेत कोमाटी नदीच्या खोऱ्यात १९६९ साली मॉरिस आणि रिचर्ड विल्योन या भावांनी एका प्राचीन लाव्हाचं वर्णन केलं. नदीवरून त्याला कोमाटाइट म्हणतात. आज हवाईचा लाव्हा साधारण १,२०० अंश सेल्सिअसला बाहेर पडतो. कोमाटाइटचा लाव्हा १,६०० अंशांच्या घरात होता. तशा तापमानाचा लाव्हा आज कुठेही वाहत नाही.

पेप्सीची नळी आणि अर्धवट वितळणं

आता मुख्य मुद्दा. एका जड, काळ्या खडकातून हलका, फिका खडक निघतो कसा?

उन्हाळ्यात पोरं प्लास्टिकच्या नळीत गोठवलेली पेप्सी खातात ना, तीच घ्या. ती संपूर्ण वितळेपर्यंत कोणी थांबत नाही. चोखायला लागलं की पहिल्यांदा रंग आणि गोडवा तोंडात येतो आणि नळीत पांढरा, बेचव बर्फ उरतो. म्हणजे एकच गोळा होता, पण अर्धवट वितळल्यामुळे त्याचे दोन वेगळे पदार्थ झाले. लवकर वितळणारा भाग आधी निघून आला, उशिरा वितळणारा मागे राहिला.

खडकाचंही असंच होतं. खडक म्हणजे अनेक खनिजांचं मिश्रण. ते तापलं की सगळं एकदम वितळत नाही. जो रस आधी सुटतो त्यात सिलिका, म्हणजे वाळूत असतो तो घटक, तुलनेनं जास्त असतो. लोह आणि मॅग्नेशियमची जड खनिजं मागे राहतात. प्रावरणाच्या खडकात सिलिका सुमारे ४५ टक्के. तो अर्धवट वितळला की निघतो बेसॉल्ट, त्यात सिलिका सुमारे ५० टक्के. हाच बेसॉल्ट पुन्हा खोल दबला, तापला आणि पुन्हा अर्धवट वितळला, की निघतो फिका करडा खडक, त्यात सिलिका ७० टक्क्यांच्या आसपास. रस हलका असल्यामुळे तो वर चढतो आणि वर जाऊन गोठतो. मागे उरलेला चोथा इतका जड असतो की तो खाली प्रावरणात बुडूही शकतो.

या फिक्या करड्या खडकांच्या तीन भावंडांची नावं टोनालाइट, ट्रोंजेमाइट आणि ग्रॅनोडायोराइट. शास्त्रज्ञ आद्याक्षरं घेऊन त्यांना नुसतं 'टीटीजी' म्हणतात. मुलांना ही नावं पाठ करायला लावू नका, परीक्षेतही नाहीत. आपल्याला मात्र माहीत असावीत, कारण जगातल्या प्रत्येक खंडाचा सगळ्यात जुना गाभा बहुतांशी याच खडकांचा आहे. पुढे दाब आणि उष्णतेनं त्यांच्यात पट्टे पडले, तेच आपण सहावीला शिकवतो ते नीस.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसवतात तसला गुलाबी, लालसर ग्रॅनाइट त्याहून नंतरचा. टीटीजी स्वतः पुन्हा वितळले, तेव्हा पोटॅशियम जास्त असलेला हा ग्रॅनाइट निघाला. साधारण ३०० ते २५० कोटी वर्षांपूर्वीच्या काळात तो मोठ्या प्रमाणावर दिसू लागतो. याचं आपल्या ओळखीचं उदाहरण सांगते. 'शोले' बघितलाय ना? गब्बरच्या अड्ड्याचे ते मोठमोठे गोलाकार कातळ कर्नाटकात रामनगरला आहेत. ते क्लोजपेट ग्रॅनाइट नावाचे, सुमारे २५० कोटी वर्षांचे. आणि सहल बंगळूरला गेली तर लालबागेतली टेकडी चुकवू नका. ती सुमारे ३०० कोटी वर्षांच्या नीस खडकाची आहे आणि राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर झालेली आहे. मुलं तिच्यावर उड्या मारतात, हरकत नाही, पण उड्या कशावर मारतोय ते एकदा सांगावं.

पाणी नसतं तर?

कोरडा बेसॉल्ट वितळायला हजार अंशांहून बरीच जास्त उष्णता लागते. त्याच बेसॉल्टच्या खनिजांत पाणी मुरलेलं असेल तर तो सातशे-आठशे अंशांपासूनच रस सोडायला लागतो. हा फरक फार मोठा आहे. समुद्राच्या तळाशी बेसॉल्टच्या भेगांत पाणी शिरतं, खनिजांची रचना बदलते, पाणी त्यांच्यात बांधलं जातं. असा ओला बेसॉल्ट खोल गेला की फिका रस निघतो. पाणी मुरलेलं नसेल तर असा रस एवढ्या प्रमाणात निघूच शकत नाही. १९८३ साली इयान कॅम्पबेल आणि रॉस टेलर या शास्त्रज्ञांनी हे सूत्र स्पष्टपणे मांडलं, की पाण्याशिवाय ग्रॅनाइट नाही आणि महासागरांशिवाय खंड नाहीत.

मला स्वतःला या पाठातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. आपण मुलांना समुद्र आणि जमीन असे दोन वेगळे चौकोन काढून दाखवतो, जणू एक असतो तिथे दुसरी नसते. प्रत्यक्षात जमीन हे समुद्राचंच लेकरू आहे.

वाळूच्या कणाएवढा साक्षीदार

आता मुलं विचारतील, हे सगळं बघायला होतं कोण? साक्षीदार आहे, झिरकॉन नावाचं खनिज. (अमेरिकन डायमंड म्हणून दागिन्यात असतो तो खडा वेगळा, कारखान्यात बनवलेला. आपला झिरकॉन निसर्गातला. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूतही तो मिळतो.) ग्रॅनाइटच्या जातीचा रस गोठताना झिरकॉनचे बारीक स्फटिक तयार होतात. ते इतके टणक असतात की मूळ डोंगर झिजून वाळू झाला, त्या वाळूचा पुन्हा खडक झाला, तरी कण तसाच राहतो.

शिवाय त्याच्यात घड्याळ असतं. तयार होताना झिरकॉन युरेनियमला आत घेतो आणि शिशाला जवळजवळ बाहेरच ठेवतो. मग आतल्या युरेनियमचं हळूहळू शिसं होत जातं. एका जातीच्या युरेनियमचा निम्मा साठा संपायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात, दुसऱ्या जातीला सुमारे ७० कोटी. म्हणजे एकाच कणात दोन घड्याळं आणि दोन्हींची वेळ जुळली तर वय पक्कं.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्स या टेकड्यांमध्ये सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या खडकात असे कण मिळाले. त्यातल्या एका कणाचं वय सायमन वाइल्ड, जॉन व्हॅली आणि सहकाऱ्यांनी २००१ साली जाहीर केलं, सुमारे ४४० कोटी वर्षं. दुसऱ्या एका कणाची अणू-अणू मोजून तपासणी २०१४ मध्ये झाली, तो ४३७ कोटी वर्षांचा निघाला. पृथ्वीच्या जन्मानंतर जेमतेम १५ ते २० कोटी वर्षं! ज्या खडकातून हे कण आले तो खडक कधीच नाहीसा झाला. वाडा पडून माती झाली आणि दाराची कडी तेवढी हाताला लागली, असं काहीसं.

या कणांतल्या ऑक्सिजननं आणखी एक गोष्ट सांगितली. ऑक्सिजनचा एक जड प्रकार असतो. कमी तापमानाच्या पाण्याशी संपर्क आलेल्या खडकात तो थोडा जास्त भरतो आणि तो खडक वितळून झालेल्या रसात ती खूण उतरते. जॅक हिल्सच्या अनेक कणांत ही खूण आहे. म्हणजे ४३० कोटी वर्षांच्या सुमारास पृथ्वीवर पाणी असावं आणि ते मुरलेला खडक वितळत असावा.

अर्थात कणावरून खंड सिद्ध होत नाही, हे मुलांना जरूर सांगा. कण एवढंच म्हणतो की फिका रस कुठेतरी निघायला लागला होता. तो ताटलीएवढा होता की तालुक्याएवढा, हे कणाला माहीत नाही. प्रत्यक्ष हातात घेता येईल असा जुना खडक म्हणजे कॅनडाच्या वायव्य भागातला अकास्टा नीस, सुमारे ४०० कोटी वर्षांचा. त्यानंतर ग्रीनलंडमधल्या इसुआचे खडक, ३७० ते ३८० कोटी वर्षांचे.

यंत्र कोणतं होतं?

ओला बेसॉल्ट खोल गेला पाहिजे हे ठरलं. पण तो खोल गेला कसा? इथे शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, आणि वाद आहे असंच वर्गात सांगावं.

आज हे काम भूपट्ट करतात. समुद्राचा पट्ट दुसऱ्या पट्टाखाली शिरतो, पाणी खाली नेतो, वर ज्वालामुखींची रांग उभी राहते. जपान, अँडीज ही आजची उदाहरणं. लडाखमध्ये लेहच्या आसपासचा ग्रॅनाइटही असाच, भारत आशियाला धडकण्याआधी मधला समुद्र आशियाखाली जात होता तेव्हाचा. काहींच्या मते सुरुवातीलाही हेच चालू होतं.

दुसरा गट म्हणतो, तेव्हाचं कवच इतकं तापलेलं आणि लेचंपेचं होतं की पट्ट सरळ खाली शिरणं अवघड. त्याऐवजी लाव्हाचे थरांवर थर साचून कवच जाड झालं असेल आणि त्याचा तळच खोल दबून वितळला असेल. या मताला बळ देणारी जागा तुम्ही शाळेच्या संगणकावर उपग्रह नकाशात बघू शकता. पश्चिम ऑस्ट्रेलियात पिलबारा भागात मार्बल बार नावाचं गाव शोधा आणि थोडं दूर जाऊन बघा. फिक्या रंगाचे मोठमोठे गोल, अंडाकार डाग दिसतील आणि त्यांच्या मधून वळणं घेत गेलेले गडद पट्टे. फिके डाग म्हणजे खालून घुमटासारखा वर आलेला ग्रॅनाइट आणि टीटीजी, गडद पट्टे म्हणजे त्यांच्या बाजूंनी खाली बसलेला जड बेसॉल्ट. हलकं वर, जड खाली, आडवं सरकणं फारसं नाही. हे डाग बघितल्यावर मुलं गप्प होतात, हा माझा अनुभव आहे.

मला वाटतं दोन्ही खरं असायला हरकत नाही, आधी एक, मग दुसरं. ३०० कोटी वर्षांच्या आसपास काहीतरी बदललं याचे पुरावे अनेक बाजूंनी येतात. त्यातला एक हिऱ्यांचा. हिऱ्याच्या पोटात अडकलेले खनिजांचे कण तपासले तर खोल बुडालेल्या समुद्री कवचाच्या जातीचे कण साधारण ३०० कोटी वर्षांनंतरच्याच हिऱ्यांत दिसतात, त्याआधीच्या हिऱ्यांत दिसत नाहीत.

वाढ : जमा किती, खर्च किती

खंड एकदम झाले की हळूहळू वाढले, यावरही मोठं भांडण झालं. पॅट्रिक हर्ली आणि सहकाऱ्यानं १९६९ मध्ये जगभरच्या खडकांची वयं मांडून म्हटलं, की जुने खडक थोडे आणि नवे जास्त आहेत, म्हणजे खंड सावकाश वाढत आले. रिचर्ड आर्मस्ट्राँगचं म्हणणं उलटं होतं. त्याच्या मते खंडांचा साठा फार लवकर भरला आणि त्यानंतर जेवढं नवं तयार होतं तेवढंच झिजून, गाळ होऊन, समुद्राच्या पट्टाबरोबर परत खाली जातं.

हे मुलांना पासबुकावरून छान समजतं. आज खात्यात हजार रुपये आहेत. ते दर महिन्याला थोडे थोडे भरून झाले, की पहिल्याच महिन्यात हजार भरले आणि नंतर जमा-खर्च सारखा राहिला? नुसती आजची शिल्लक बघून सांगता येत नाही. नोंदी बघाव्या लागतात, आणि इथे तर जुन्या नोंदींची पानंच खाली बुडाली आहेत. म्हणून जुने खडक आज थोडे दिसतात यावरून ते तेव्हा थोडेच होते असं म्हणता येत नाही. झिरकॉनमधल्या हाफ्नियमसारख्या मूलद्रव्यांवरून अलीकडे जे हिशेब झाले, त्यातले बरेच मधल्या वाटेनं जातात. आजच्या खंडीय कवचाच्या साठ-सत्तर टक्के एवढा साठा ३०० कोटी वर्षांपूर्वीच झाला होता आणि त्यानंतर वाढीचा वेग मंदावला, असं त्यांचं म्हणणं.

कवच तयार झालं म्हणजे जमीन पाण्याबाहेर आली असंही नाही. त्यासाठी ते पुरेसं जाड व्हावं लागतं, आपला ओंडका आठवा. या बाबतीत जगात नाव घेतलं जातं ते आपल्या देशातल्या सिंगभूमचं, झारखंड-ओडिशाच्या सीमेवरचा हा भाग. तिथल्या केओंझर जिल्ह्यात चंपुआजवळच्या खडकात ४२० कोटी वर्षांच्या आसपासचे झिरकॉन कण मिळाल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. २०२१ मध्ये प्रियदर्शी चौधरी आणि सहकाऱ्यांनी तिथले नदीकाठी आणि किनाऱ्यावर साचलेले प्राचीन वाळूचे खडक तपासले. वाळू साचायला नदी लागते आणि नदीला उघडी जमीन लागते. त्यांचा निष्कर्ष असा, की खालून सतत रस भरत जाऊन सिंगभूमचं कवच जाड झालं आणि ३३० ते ३२० कोटी वर्षांपूर्वी ते समुद्रातून वर आलं. टिकून राहिलेल्या जमिनीचा हा जगातल्या सगळ्यात जुन्या नमुन्यांपैकी एक.

आणि आपला महाराष्ट्र?

आमची शाळा काळ्या दगडाच्या मुलखात आहे, तुमच्यापैकी बहुतेकांचीही असेल. हा दख्खनचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. पृथ्वीच्या वयाच्या मानानं कालपरवाचा. गंमत बघा, जातीनं तो पृथ्वीच्या पहिल्या काळ्या कवचाचा नातेवाईक, पण वयानं अगदी तरुण, आणि तो बसलाय जुन्या खंडीय कवचाच्या डोक्यावर.

हे नुसतं अनुमान नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं, तेव्हा सुमारे ३३८ मीटरवर बेसॉल्ट संपला आणि पातळ गाळाच्या थराखाली प्राचीन नीस लागला. कोयनेच्या परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं, तिथेही बेसॉल्टच्या खाली ग्रॅनाइट आणि नीसच आहे. म्हणजे सातारा-लातूरच्या पोरांच्या पायाखालीही खरा खंड आहे, फक्त काळ्या दगडाखाली झाकलेला. तो उघडा बघायचा तर भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे जा. गोंदियातल्या आमगावचं तर एका नीस समूहाला नावच दिलेलं आहे. नांदेडला देगलूरच्या बाजूला ग्रॅनाइट आहे. खाली सिंधुदुर्ग आणि गोव्यात धारवाडच्या जुन्या भूभागाची टोकं येतात. अनमोड घाटातला ट्रोंजेमाइट जातीचा नीस तर ३३० ते ३४० कोटी वर्षांच्या घरातला मानतात. विदर्भातल्या शिक्षकांना इथे मोठी सोय आहे, नमुना शाळेच्या आवारातच मिळेल.

वर्गात करण्यासारखं

पाटा-वरवंट्याच्या दगडाचा किंवा रेल्वे रुळाखालच्या खडीचा एक तुकडा घ्या, तो बेसॉल्ट. फरशीच्या दुकानाबाहेर पडलेला गुलाबी किंवा करड्या ग्रॅनाइटचा तुकडा मागून आणा, ते फुकट देतात. दोन सावधगिऱ्या. बेसॉल्ट बारीक भोकं नसलेला घ्या, नाहीतर भोकांतल्या हवेमुळे हिशेब चुकतो. आणि दुकानात मिळणारा 'काळाभोर ग्रॅनाइट' घेऊ नका, तो बहुधा ग्रॅनाइट नसतोच, बेसॉल्टच्याच कुळातला दुसरा खडक असतो.

वजनकाट्यावर दोन्ही तुकडे तोला. मग मोजपात्रात पाणी घेऊन एकेक तुकडा बुडवा आणि पाणी किती मिलिलिटर चढलं ते लिहा. वजनाला त्या आकड्यानं भागलं की घनता. बेसॉल्टची २.९ च्या आसपास, ग्रॅनाइटची २.६ ते २.७ येते. वर्गातल्या मोजपात्रानं थोडं इकडेतिकडे होईल, म्हणून तुकडे शक्य तेवढे मोठे घ्या आणि तीन वेळा मोजून सरासरी काढा. ज्या पोराला खड्ड्याचा प्रश्न पडला होता त्यालाच मोजायला लावा.

दुसरं, चोवीस तासांचं घड्याळ फळ्यावर काढा. मध्यरात्री १२ ला पृथ्वीचा जन्म. जॅक हिल्सचा सगळ्यात जुना कण रात्री पाऊण वाजता. अकास्टाचा खडक पहाटे तीनच्या आधी. सिंगभूमची जमीन पाण्याबाहेर सकाळी सात वाजता, आपल्या पोरांच्या दात घासायच्या वेळेला. रामनगरचे कातळ पावणेअकराला. दख्खनचा लाव्हा रात्री ११ वाजून ३९ मिनिटांनी. मधल्या वेळा काढायचं गणित मुलांकडूनच करून घ्या, सातवी-आठवीच्या मुलांना ते सहज जमतं. पालकांनी घरी करायचं असेल तर पेप्सीची नळी पुरे. फक्त चोखण्याआधी आणि नंतर तिचा रंग कसा होता, ते वहीत लिहून ठेवायला सांगा.